घोड्याचे रक्त आणि माहूरचा पावसाळा

१८६२च्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यात इंग्रज सरकारने फुरसे या विषारी सापावर बक्षीस लावले. फुरसे मारायचे, कचेरीत आणून दाखवायचे आणि पैसे घेऊन जायचे. आठ दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारली गेल्याची नोंद आहे. कोकणातली फुरशी काही त्याने संपली नाहीत. आजही कातळावर, पेंढ्याखाली, वहाणांच्या आड ती सापडतात. पण सर्पदंशाच्या बाबतीत सरकार म्हणून त्या काळी काय करता येत होते, ते या एका मोहिमेत स्वच्छ दिसते. साप मारण्यापलीकडे कुणाच्याच हाती काही नव्हते.

कोकणापासून दूर, मराठवाड्याच्या टोकाचे माहूर तेव्हा निजामाच्या राज्यात. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे इंग्रजांच्या ताब्यात गेलेला वऱ्हाड. रेणुकेचा गड, दत्तशिखर, अनसूयेचा डोंगर आणि सभोवार सागाचे दाट रान. या रानात गोंड, कोलाम, आंध यांच्या वस्त्या, बंजाऱ्यांचे तांडे. पान लागले, म्हणजे साप चावला, की माणसाला देवळात न्यायचे, कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा, पाला कडू लागतो का विचारायचे, मांत्रिकाला बोलवायचे. विषारी साप चावूनही विष थोडेच गेले असेल किंवा चावलेला साप बिनविषारी असेल तर माणूस उठून बसे आणि मंत्राला यश येई. नाहीतर देवीची इच्छा. याला अडाणीपणा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की त्या काळी कलकत्त्याच्या मोठ्या इस्पितळातला डॉक्टरही याहून फारसे काही करू शकत नव्हता.

तसे म्हणायला आधार आहे. जोसेफ फेरर नावाचा शल्यवैद्य कलकत्त्याला होता. त्याने हिंदुस्थानातल्या विषारी सापांवर १८७२ साली ‘थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया’ हा भव्य रंगीत ग्रंथ काढला. बाजारात आणि वैद्यकात जेवढे म्हणून उतारे प्रसिद्ध होते तेवढे त्याने कुत्र्यांवर आणि कोंबड्यांवर तपासून पाहिले. मुळ्या, खडे, अमोनिया, एकूणएक. एकही उतारा टिकला नाही. त्याने जिल्ह्याजिल्ह्यांतून मृत्यूचे आकडेही मागवले. १८६९ या एका वर्षात, देशाच्या काही भागांतून आलेल्या अहवालांतच सर्पदंशाचे अकरा हजारांहून अधिक बळी निघाले. फेररचा मोठेपणा मला यात वाटतो की आपल्याकडे औषध नाही हे त्याने पुराव्यानिशी सांगितले. पुढचा शोध अशा प्रामाणिक नकारांवरच उभा राहतो.

तो शोध लागला युरोपात, आणि आधी तो सापावरचा नव्हताच. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले की घटसर्प किंवा धनुर्वाताचे विष थोडेथोडे टोचून सरावलेल्या जनावराच्या रक्तात एक रक्षक द्रव्य तयार होते आणि ते दुसऱ्या जनावराला टोचले तर त्यालाही वाचवते. आज आपण त्याला प्रतिपिंड म्हणतो. प्रतिपिंड म्हणजे एक प्रथिन. त्याला दोन हात असतात आणि त्या हातांची ठेवण अशी असते की ते एका ठरावीक विषाच्या कणालाच घट्ट धरतात. धरलेला कण मग शरीराच्या पेशीला चिकटू शकत नाही. म्हणजे बेरिंगच्या त्या रक्षक द्रव्यापासून औषध म्हणून प्रथिन वापरण्याचा मार्ग सुरू झाला. मधुमेहाच्या इन्सुलिनला अजून तीस वर्षे अवकाश होता.

आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरने तो मार्ग सापाकडे वळवला. १८९१ साली तो सायगावला होता. पुराच्या पाण्यातून नाग एका गावात शिरले, माणसे दगावली आणि त्या गावातून पकडलेले नाग त्याच्या प्रयोगशाळेत आले. पुढे फ्रान्सला परतल्यावर लीलमध्ये त्याने नागाचे विष घोड्यांना टोचत टोचत रक्तरस तयार केला. १८९४-९५च्या सुमारास जगातले पहिले सर्पविषावरचे औषध अशा रीतीने बाटलीत उतरले. पॅरिसमध्ये फिसालिक्स आणि बर्त्रां हेही त्याच वेळी तेच सिद्ध करीत होते. काल्मेतचा मात्र दावा मोठा होता. नागाच्या विषावर केलेला हा रस कुठल्याही सापाच्या दंशावर चालेल, असे तो म्हणत असे.

हा दावा खोडून काढणाऱ्यांत मुंबईच्या परळचा मोठा वाटा आहे, आणि मराठी वाचकाला ही गोष्ट फार थोडी ठाऊक आहे. ती सुरू होते प्लेगपासून.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सापडला. डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी तो ओळखला. जीवाणुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांना मुंबईला धाडले गेले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या दोन-चार खोल्यांत त्यांनी प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. काम वाढले तशी जागा अपुरी पडू लागली. परळला गव्हर्नरांचा जुना बंगला रिकामा होता. तिथे १० ऑगस्ट १८९९ रोजी प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हीच पुढे १९२५ साली हाफकिन संस्था झाली. जिथे गव्हर्नरांच्या मेजवान्या झडत, तिथे उंदरांचे पिंजरे आणि काचेच्या बरण्या आल्या.

इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला जॉर्ज लँब हा तरुण डॉक्टर या प्रयोगशाळेत होता. प्लेगचे काम सांभाळून तो सापाच्या विषांवर काम करीत असे. त्याने नाग आणि घोणस यांची विषे शेजारी ठेवून पाहिली. नागाचे विष मज्जातंतूंवर जाते. पापण्या मिटतात, जीभ जड होते, शेवटी श्वास थांबतो. घोणसाचे विष रक्तावर जाते. रक्त गोठण्याची शक्तीच संपते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त झिरपू लागते. काल्मेतचा रस नागाच्या विषाला आवरत होता. घोणसाच्या विषापुढे त्याचे काही चालत नव्हते. ऑस्ट्रेलियात सी. जे. मार्टिन आणि ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील हेही आपापल्या सापांवर याच निष्कर्षाला आले होते. लँबने १९०३-०५च्या सुमारास हिंदुस्थानी सापांच्या बाबतीत ते पक्के केले: ज्या सापाचे विष, त्याच सापावरचा रस. या एका वाक्यावर भारतातले सर्पदंशाचे सगळे औषध आजही उभे आहे, आणि त्याच्या अडचणीही या वाक्यातूनच निघतात.

त्यानंतर हिमालयाच्या कुशीत कसौलीला नाग आणि घोणस या दोघांवरचा मिळून एक रस तयार होऊ लागला. थंड हवेत घोडे पाळायला सोय होती. पण तो रस पातळ. उन्हाळ्यात रेल्वेच्या डब्यातून चार दिवस प्रवास करून आला की त्याचा भरवसा राहत नसे. शिवाय तो शिरेतून, बऱ्याच मोठ्या प्रमाणात द्यावा लागे, म्हणजे शीर शोधणारा डॉक्टर हवा. जिल्ह्याच्या गावी तो मिळायची मारामार, तिथे तालुक्याची काय कथा.

रस पोचत नव्हता तिथे दुसरे काही पोचले. सर लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०४च्या सुमारास एक छोटे हत्यार प्रचारात आणले. लाकडी दांडीच्या एका टोकाला लहानसे पाते आणि दुसऱ्या टोकाच्या पोकळीत पोटॅशियम परमँगनेटचे खडे. दंशाची जागा चिरायची आणि खडे आत चोळायचे. प्रयोगनळीत परमँगनेट विषाचा नाश करते हे खरे. माणसाच्या मांसात ते विषापर्यंत पोचतच नाही. जखम मात्र जाळते. तरी हे हत्यार पोलीस चौक्यांत, बंगल्यांत, कॅम्पांत कितीतरी वर्षे नांदले, कारण ते स्वस्त होते, खिशात मावत होते आणि उन्हात खराब होत नव्हते. या इतिहासात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. गुणकारी औषध कसौलीत होते आणि निरुपयोगी औषध गावोगाव. औषध शोधणे आणि औषध पोचवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाला कुणी नोबेल देत नाही.

परळला हे दुसरे काम पुढच्या पिढीने हाती घेतले. १९३२ साली साहिबसिंग सोखी हे हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. औषधे इथेच, स्वस्तात आणि मोठ्या प्रमाणात झाली पाहिजेत हा त्यांचा ध्यास. त्यांच्या कारकिर्दीत, १९४०च्या दशकात, संस्थेत सर्पविषावरचा रक्तरस तयार होऊ लागला. नाग आणि घोणस यांच्या जोडीला मण्यार आणि फुरसे आले. देशातले बहुतेक प्राणघातक दंश या चौघांचे, म्हणून चौघांवर मिळून एकच औषध. चावलेला साप कोणता हे रुग्णाला क्वचितच ठाऊक असते. अंधारात पायाला काहीतरी लागले एवढेच तो सांगतो. अशा वेळी डॉक्टरने चार बाटल्यांतली कोणती निवडायची? चौघांवरची एकच बाटली हे त्याला दिलेले सर्वांत व्यवहारी उत्तर होते.

विषासाठी संस्थेने साप पाळले. डॉ. पी. जे. देवरस यांनी त्या सापांवर आणि भारतातल्या सर्पसृष्टीवर वर्षानुवर्षे काम केले. त्यांचे ‘स्नेक्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढले आणि सापाकडे भीतीऐवजी कुतूहलाने पाहायला ते कित्येकांना शिकवून गेले.

ही बाटली कशी भरते ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. सापाचा जबडा काचेच्या भांड्यावर ताणलेल्या पातळ पडद्यावर दाबतात. दात पडद्यातून आरपार जातात आणि पिवळसर थेंब काचेवरून ओघळतात. हे विष वाळवून त्याची भुकटी करतात. तिचा अगदी अल्प अंश घोड्याला त्वचेखाली टोचतात, मग काही दिवसांनी थोडा वाढवून, असे करत काही महिने जातात. घोडा मोठे जनावर, त्याला रक्त भरपूर, स्वभाव सोशिक, म्हणून तो निवडला गेला. पुरेशी ताकद आली की मानेच्या शिरेतून रक्त काढतात. आता तर लाल पेशी वेगळ्या करून घोड्याला परत देतात, फक्त पिवळा द्रव ठेवून घेतात, म्हणजे जनावर खंगत नाही. त्या द्रवात प्रतिपिंडे असतात, पण घोड्याची इतर प्रथिनेही असतात, आणि माणसाच्या अंगाला ती परकी. म्हणून पेप्सिन घालतात. आपल्या जठरात अन्न पचवणारे हेच पेप्सिन प्रतिपिंडाचे बूड कापून टाकते आणि विष धरणारे दोन हात जोडलेले ठेवते. बुडापासून होणारा बराचसा त्रास त्याने टळतो. मग गाळणे, शुद्ध करणे, तपासणे.

यानंतरचा टप्पा माहूरसारख्या गावाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. औषध गोठवतात आणि निर्वात करून त्यातला बर्फ वितळू न देता थेट वाफ करून काढून टाकतात. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवरच्या जखमींसाठी रक्तद्रव सुकवताना ही रीत मोठ्या प्रमाणावर वापरात आली आणि पुढे औषधांच्या कारखान्यांत रुजली. बाटलीत उरते ती पांढरी, सच्छिद्र वडी. पातळ औषध फ्रीजमध्येच ठेवावे लागते. ही वडी साध्या खोलीच्या तापमानाला कपाटात काही वर्षे टिकते. विजेचा भरवसा नसलेल्या आरोग्य केंद्राला औषधाचा साठा ठेवता येऊ लागला तो या वडीमुळे. पाण्याचा अंश काढून घेण्याच्या या कारागिरीने जेवढे जीव वाचवले असतील, तेवढे त्याआधीच्या कित्येक गाजलेल्या शोधांनी वाचवले नसतील, असे माझे मत आहे.

१९७५ साली हाफकिनची दोन कामे वेगळी झाली. संशोधन संस्थेकडे राहिले आणि उत्पादनासाठी राज्य सरकारचे हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ स्थापन झाले. प्रतिविषासाठीचे, म्हणजे सर्पविषावरच्या या औषधासाठीचे, घोडे पिंपरीला. दरम्यान पुण्यात आणखी एक धागा जुळला होता. पूनावाला कुटुंबाचा शर्यतीच्या घोड्यांचा व्यवसाय. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे ते हाफकिनला देत, तिथे त्यांच्या रक्तातून औषध होई. हे काम आपणही करू शकतो हे सायरस पूनावाला यांच्या लक्षात आले आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पुढे जगाला लसी पुरवणाऱ्या त्या कंपनीची सुरुवात धनुर्वातावरच्या, घोड्याच्या रक्तातल्या औषधाने झाली. आज पुणे जिल्ह्यात नारायणगावलाही प्रतिविष तयार होते. सर्पदंशाच्या औषधाच्या नकाशावर महाराष्ट्र असा ठळक आहे.

आता माहूरकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा निजामाच्या अमलातून सुटला, १९५६ साली मुंबई राज्यात आला. तेव्हापासून परळ हे माहूरच्या स्वतःच्या राजधानीत होते. तरी परळची बाटली माहूरला पोचायला पुढे बराच काळ जावा लागला. माहूर नांदेड जिल्ह्याचे अगदी उत्तरेचे टोक. नांदेड शहर सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे. नदी ओलांडली की यवतमाळ त्याहून जवळ, म्हणून कित्येक रुग्ण जिल्हा सोडून तिकडेच धावतात. किनवटला गोकुंद्याचे उपजिल्हा रुग्णालय, माहूरला ग्रामीण रुग्णालय, आणि त्याच्या खाली आरोग्य केंद्रे. मृग लागला, कपाशी आणि सोयाबीनची पेरणी झाली की निंदण-खुरपणाला बाया वाकून चालतात, हात थेट तणात जातो. ओल्या बांधावर, दगडांच्या ढिगाऱ्यात घोणस बसलेला असतो. नदीपलीकडे त्याला परड म्हणतात. रात्री मण्यार निघते, ती तर घरातच येते, आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला चावते. तिचा दंश धड दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या वर उचलत नाहीत, आणि घरचे अपचन समजून ओवा देतात.

रुग्णालयात काय होते ते पाहा. परिचारिका रुग्णाचे दोन-तीन मिलिलिटर रक्त काढते, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घालते आणि नळी न हलवता ठेवते. वीस मिनिटांनी नळी तिरपी करतात. रक्ताचा गोळा झाला असेल तर ठीक. पाण्यासारखे वाहिले तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनले आहे. यंत्र नाही, वीज नाही, एक नळी आणि एक घड्याळ. नळी मात्र काचेची हवी, प्लॅस्टिकच्या नळीत रक्त नीट गोठत नाही आणि निदान चुकते. मग कपाटातून बाटल्या निघतात. प्रत्येक बाटलीत दहा मिलिलिटर पाणी घालून ती तळहातांत हळूहळू फिरवायची. जोराने हलवली तर फेस येतो आणि प्रथिन बिघडते. दहा बाटल्या विरघळवायला घाईच्या वेळी युगासारखी वाटणारी मिनिटे लागतात. मग सलाईनमधून तासाभरात.

दहाच बाटल्या का, याचा हिशेब सरळ आहे. आपल्याकडच्या प्रतिविषाचा एक मिलिलिटर घोणसाचे ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो. म्हणजे बाटलीमागे सहा मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी साठ-त्रेसष्ट मिलिग्रॅम विष सोडतो. लहान मुलालाही तेवढ्याच बाटल्या लागतात. साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. हे मुलाच्या आईबापांना पटवणे सोपे, पण भीती डॉक्टरच्या मनात असते. घोड्याचे प्रथिन काहींच्या अंगाला सोसत नाही. गांध्या उठतात, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. त्यावर ॲड्रिनॅलिन हाताशी भरून ठेवले की बहुतेक वेळा निभावते. तरीही एकट्या ड्युटीवरचा तरुण डॉक्टर दोन बाटल्या देतो आणि पुढे पाठवतो. रेफर. गाडी निघते आणि मधल्या दोन-तीन तासांत विष आपले काम करत राहते. प्रतिविष रक्तात फिरणारे विष पकडते. मण्यारीच्या विषाने एकदा मज्जातंतूंची टोके निकामी केली की प्रतिविष ती परत जोडू शकत नाही, मग व्हेंटिलेटरच लागतो. घोणसाच्या विषाने मूत्रपिंड गेले की डायलिसिस. म्हणून सगळा खेळ पहिल्या तासांचा आहे, आणि हे पहिले तास नांदेड-यवतमाळच्या इस्पितळांत येत नाहीत. ते माहूरला, किनवटला, जवळच्या वाई-सारखणीसारख्या गावांच्या बाजूलाच असतात. २०१४ पासून १०८ची गाडी आली, तिने हे अंतर काही प्रमाणात कापले. डोंगरातल्या पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंतचे अंतर मात्र बाजेवर किंवा मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवूनच कापले जाते.

तालुक्याच्या डॉक्टरला काय जमू शकते, याचे उदाहरण मराठवाड्याच्याच मातीतले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. नागपूरला शिकून ते १९७६ साली रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रावर रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसे आणि मुले दगावत होती. कुणी निरीक्षण टिपत नव्हते. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले, नाडी, घाम, रक्तदाब, फुप्फुसात भरणारे पाणी सगळे लिहीत गेले आणि ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाला त्यांनी ते कळवले. विंचवाच्या विषाने शरीरात उसळणाऱ्या वादळावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी चालते हे त्यांनी दाखवले. गंभीर रुग्णांतले तीसेक टक्के पूर्वी जात. ते प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले.

नंतर हाफकिनने विंचवावरचे प्रतिविष केले, तेही घोड्याच्याच रक्तातून. ते खरोखर उपयोगी आहे का, हा प्रश्न बावस्करांनी अंदाजावर सोडला नाही. महाडच्या आपल्या रुग्णालयात डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. ३५ जणांना नुसती प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८, दुसऱ्या गटात ३२. हा अभ्यास २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. एका तालुक्याच्या गावात, कुठल्याही विद्यापीठाच्या आधाराशिवाय, परळच्या प्रथिनाची परीक्षा झाली आणि ते उतरले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता कुणी विचारेल, घोड्याच्या मागे शंभर वर्षे कशाला? मराठवाड्यातच औरंगाबादला वोक्हार्टने २००३ साली ‘वोसुलिन’ हे मानवी इन्सुलिन बाजारात आणले. डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडांतून इन्सुलिन काढण्याचे दिवस संपून, इन्सुलिनचे जनुक यीस्टमध्ये घालून ते टाक्यांमध्ये वाढवले जाऊ लागले. वाळूजच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला या कारखान्यांच्या भिंतींपलीकडे काय पिकते याची कल्पना नसते. मग प्रतिविष तसे का होत नाही? कारण इन्सुलिन हे एकच, छोटे, पुरते ओळखीचे प्रथिन. सापाच्या विषात डझनावारी प्रथिने असतात, प्रत्येकाला धरणारा वेगळा हात लागतो, आणि घोड्याचे शरीर ते सगळे हात एकाच वेळी घडवते. शिवाय इन्सुलिन घेणारा रोज घेतो, आयुष्यभर घेतो. सर्पदंशाचा रुग्ण एकदा येतो, आणि तो बहुधा शेतमजूर असतो. पैसा कुठे गुंतवायचा हे ठरवणाऱ्यांना एवढा फरक पुरतो.

या उपेक्षेची किंमत २०२० साली आकड्यांत आली. देशभरच्या घराघरांतून केलेल्या मृत्यूंच्या अभ्यासातून निघाले की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली. वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक खेड्यांतली, घरी किंवा वाटेत गेलेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. २०२४ साली केंद्र सरकारने २०३०पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा काढला आणि प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची करण्याविषयी राज्यांना लिहिले. फेररने गोळा केलेल्या आकड्यांनंतर दीडशे वर्षांनी पुन्हा नीट मोजायला सुरुवात झाली.

लँबचे वाक्य इथे पुन्हा समोर येते. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारे विष बव्हंशी तामिळनाडूच्या इरुला सर्पपकड सहकारी संस्थेकडून येते. १९७८ साली रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. साप पकडून कातडी विकणाऱ्या इरुला आदिवासींना तिने विष काढून साप परत सोडण्याचे काम दिले. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ पासून केलेल्या अभ्यासांत दिसले की एकाच जातीच्या सापाचे विष प्रांताप्रांतात बदलते, आणि तामिळनाडूच्या विषावर घडलेले औषध काही भागांतल्या सापांपुढे तोकडे पडते. याच गटाने अमेरिका आणि ब्रिटनमधल्या संशोधकांसह २०२४च्या फेब्रुवारीत आणखी एक पाऊल टाकले. घोडा बाजूला ठेवून, यीस्टच्या पृष्ठभागावर मांडलेल्या मानवी प्रतिपिंडांच्या मोठ्या संग्रहातून त्यांनी एक प्रतिपिंड वेचले. नाग, मण्यारीच्या कुळातले साप आणि आफ्रिकेचा ब्लॅक मांबा यांच्या विषातल्या मज्जातंतू लुळे पाडणाऱ्या एका मोठ्या गटाला ते आवरते, आणि त्याने उंदीर वाचले. मानवी असल्याने घोड्याच्या प्रथिनाची ती उलटी प्रतिक्रिया त्यात टळावी. घोणसाचे, रक्तावर जाणारे विष या एका प्रतिपिंडाच्या आवाक्याबाहेरचे आहे. तिथे अनेक प्रतिपिंडांची मोट बांधावी लागेल.

ती बांधली जाईपर्यंत पिंपरीचे आणि नारायणगावचे घोडेच आपले तारणहार आहेत, आणि त्यांचे औषध अधिक नेमके करणे आजच्या ज्ञानावरही शक्य आहे. त्यासाठी पैनगंगेच्या काठच्या काळ्या रानातल्या घोणसाचे, मराठवाड्या-विदर्भातल्या मण्यारीचे विष त्या मिश्रणात जायला हवे. वनखात्याची परवानगी, शिकलेले सर्पमित्र आणि राज्याचे स्वतःचे कायम चालणारे विषसंकलन केंद्र एवढे त्याला लागते. साप आपल्याकडे आहेत, घोडे आहेत, परळपासूनचा शंभर वर्षांचा हात बसलेला आहे. माहूरच्या कपाटात ज्या दहा बाटल्या ठेवायच्या, त्या माहूरच्या सापाला पुरून उराव्यात एवढीच मागणी आहे, आणि ती पुढच्या मृगाच्या आत मांडायला हवी.